चेक जमा, गाडी रवाना : हळदीच्या एका सौद्याचे १३४ तास

नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातलं बाजाराचं गाव. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि हा सगळा पट्टा हळदीचा म्हणून बाहेरच्या व्यापाऱ्यांच्या नजरेत आला. आता खरेदीदार मोबाइलमधूनही येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फोटो टाकायचा, रात्रीपर्यंत बोली लावायची, सकाळी सौदा पक्का.

खाली जे आप्पा आणि त्यांचा मुलगा येतात, ते कुणी एक नाहीत. मोबाइलवर बोली लावून माल विकणाऱ्यांची फसगत ज्या रीतीने होते, ती दाखवण्यासाठी ही माणसं जोडून घेतली आहेत. वजन आणि भावही हिशेबाला सोपे म्हणून धरलेत. वार, तारखा, बँकेच्या सुट्ट्या, चेक वटण्याची पद्धत आणि कायद्याची कलमं मात्र खरी आहेत. आठवडा मुद्दाम मे २०२५ मधला निवडला. का, ते शनिवारी कळेल.

गुरुवार, ८ मे २०२५, रात्री ९. १३४ तास बाकी

चाळीस कट्टे, वीस क्विंटल. शिजवून, वाळवून, पॉलिश करून ठेवलेली हळद. पोरानं एक कांडी मोडून आतला नारिंगी गर दिसेल असा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. लागवडीपासून काढणीपर्यंत आठ-नऊ महिने, वर शिजवणं, उन्हात पसरणं, ढग आला की ताडपत्री घेऊन धावणं. एवढ्या सगळ्याचा भाव त्या एका मोडलेल्या कांडीवर ठरतो.

बोली बारा हजारांवर थांबली. परराज्यातला खरेदीदार. मोंढ्यात जो भाव निघेल असं वाटत होतं, त्याहून क्विंटलमागे पाचशे रुपये जास्त. एकूण रक्कम दोन लाख चाळीस हजार.

ऑनलाइन बोलीचा फायदा खोटा नाही. रात्रभर यार्डाबाहेर वाहनांच्या रांगेत बसावं लागत नाही, दूरच्या गिऱ्हाइकाचा भाव घरात बसून कळतो. पण मोंढ्यातल्या बिटीला काही आधार असतात. खरेदीदाराकडे बाजार समितीचं लायसन्स असतं, काटापट्टी मिळते, चोवीस तासांत चुकती करण्याचा नियम असतो. तो नियम नेहमी पाळला जातो असं नाही, पण मोडला तर तक्रार घेऊन जायला एक कचेरी आहे. ग्रुपवरच्या बोलीत यातलं काहीच नाही. ग्रुप चालवणारा माणूस फक्त नंबर जोडून देतो.

शुक्रवार, ९ मे, सकाळी १०. १२१ तास बाकी

खरेदीदाराचा फोन. ‘‘पाटील, दोन लाखांच्या वर रोख चालत नाही, कायदा आहे. मी इकडंच तुमच्या बँकेच्या शाखेत चेक टाकतो. खाते नंबर पाठवा.’’

पहिलं वाक्य खरं आहे, म्हणून पुढचंही खरं वाटतं. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या २६९एसटी कलमाप्रमाणे १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. पण रोख नको म्हणजे चेकच हवा, असं तो कायदा कुठंही म्हणत नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, बाराही महिने चालते. दर अर्ध्या तासाला एक बॅच, दिवसाला ४८. आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून तशीच अखंड चालते आणि तिची किमान रक्कमच दोन लाख आहे. आयएमपीएसनं पाच लाखांपर्यंत काही क्षणांत जातात. ज्याच्या खात्यात दोन लाख चाळीस हजार खरोखर आहेत, त्याला चेक लिहून, बँकेत जाऊन, स्लिप भरून टाकण्याची गरज काय? हा प्रश्न या फोनवर विचारायचा होता. तो कुणी विचारला नाही.

न विचारण्यामागं सवय आहे. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर बाजारात रोकड नव्हती आणि सोयाबीन, कापूस, कांदा विकणाऱ्यांच्या हातात चेक पडू लागले. कित्येकांवर पुढची तारीख, आणि काही वटलेच नाहीत. तेव्हापासून शेतकऱ्याच्या मनात चेक म्हणजे ‘पक्क्यातला व्यवहार’ असं बसलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हाती आला दोन रुपयांचा चेक, तोही पंधरा दिवसांपुढच्या तारखेचा. देशभर चर्चा झाली ती दोन रुपयांची. मला त्या पंधरा दिवसांची जास्त चीड येते. माल आज न्यायचा आणि पैसे पंधरवड्यानं, हे व्यापाऱ्याला साधं वाटावं आणि विकणाऱ्यानं ते मुकाट घ्यावं, इथून सगळं सुरू होतं.

शुक्रवार, दुपारी ३:४०. ११५ तास २० मिनिटं बाकी

दूरच्या शहरात, आप्पांच्याच बँकेच्या एका शाखेत चेक पडतो. बँका संगणकानं जोडल्या गेल्यापासून कुणीही कुठल्याही शाखेत तुमच्या खात्यात चेक भरू शकतो. नाव आणि खाते क्रमांक पुरे. चेक अर्थातच दुसऱ्या बँकेचा.

स्लिपचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. बँकेचा शिक्का स्पष्ट. चेकचा फोटो नाही. मागितलाही नाही.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आज कागदी चेक एका बँकेतून दुसऱ्या बँकेत प्रवास करत नाही. जिथं भरला तिथंच तो ठेवतात, त्याची प्रतिमा काढतात आणि ती प्रतिमा व खालच्या पट्टीवरचे आकडे पुढं जातात. हीच चेक ट्रंकेशन पद्धत, बँकेतले लोक तिला सीटीएस म्हणतात. म्हणजे व्यवहारात चेक इलेक्ट्रॉनिक झालाच आहे. कायद्यातही २००२ च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक रूपातला चेक हा चेकच आहे. वेग वाढला तो प्रतिमेचा. समोरच्याच्या खात्यात पैसे आहेत की नाहीत हे प्रतिमा सांगत नाही. ते त्याची बँक सांगते, आणि तिच्या वेळेला सांगते.

शाखेची त्या दिवसाच्या क्लिअरिंगची वेळ टळून गेली आहे. चेक पुढच्या कामकाजाच्या दिवशी जाणार.

शुक्रवार, दुपारी ४:१५. ११४ तास ४५ मिनिटं बाकी

बाळापुरात मोबाइल वाजतो. मेसेज इंग्रजीत. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, २,४०,००० ही रक्कम, तारीख, आणि अगदी शेवटी ‘सब्जेक्ट टू रिअलायझेशन’. म्हणजे वसूल झाल्यास.

‘‘आप्पा, पैसे आले.’’

‘‘आले म्हंजी? काढता येतेत का?’’

‘‘चेक हाय ना. बँकेचाच मेसेज हाय, बघा की.’’

आप्पांनी विचारलेला प्रश्न बँकेच्या मॅनेजरनं विचारावा इतका नेमका होता. खात्याला दोन शिलका असतात. एक सगळं मिळून दिसणारी, आणि दुसरी हातात घेता येणारी, ‘क्लिअर बॅलन्स’. वटायचा चेक बऱ्याच ठिकाणी पहिल्या आकड्यात आधीच मिळवलेला दिसतो. पासबुकात ‘सीएलजी’ अशी अक्षरं आणि पुढं रक्कम. पैसे खरोखर आल्यासारखी नोंद, पण काढायला गेलं तर निघत नाहीत. फसवणारा माणूस या दोन आकड्यांमधल्या फरकावरच जगतो. त्याला खोटा मेसेजही बनवावा लागत नाही. खऱ्या बँकेचा खरा मेसेज त्याचं काम करतो.

शनिवार, १० मे, सकाळी ७. १०० तास बाकी

आयशर गाडी दारात. अर्धी आधीच भरलेली. ‘‘नांदेडला अजून माल घ्यायचाय, लवकर करा,’’ ड्रायव्हरची घाई. त्या वर्षी मे महिन्यात अवकाळीची धास्ती होतीच, हळद भिजली तर भाव जातो. म्हणून आप्पाही घाईत.

शनिवार हा महिन्यातला दुसरा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. बाळापूरच्या शाखेत जाऊन ‘चेक वटला का’ विचारायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी १२ मे, बुद्धपौर्णिमा, पुन्हा सुट्टी. शुक्रवारी क्लिअरिंगची वेळ चुकवून भरलेला चेक मंगळवारपर्यंत कुणाच्या डोळ्यांसमोर येणारच नव्हता. शुक्रवारी दुपारी चेक टाकणारा माणूस कॅलेंडर बघून टाकतो.

शनिवार, सकाळी १०. ९७ तास बाकी

चाळिसावा कट्टा चढला. बिल्टीवर सही झाली. हमालांची मजुरी आप्पांनी खिशातून दिली. गाडी नांदेडच्या दिशेनं गेली.

नुकसान या क्षणी झालं. यानंतरचे ९७ तास फक्त ते कळायला लागले. काट्यावर माल आणि मुठीत पैसे, एवढं एकच बळ विकणाऱ्याकडं असतं, आणि गाडी सुटली की ते संपतं. मग उरतो तो समोरच्याचा शब्द, आणि चेक हा कायद्यानं बांधलेला असला तरी शब्दच असतो.

रविवार, ११ मे. सकाळी ११ ला ७२ तास बाकी

काही घडत नाही. ‘‘गाडी पोचली का?’’ ‘‘पोचंल की.’’

सोमवार, १२ मे, सकाळी ११. ४८ तास बाकी

बुद्धपौर्णिमा. बँक बंद, क्लिअरिंग बंद. एनईएफटी चालू, आरटीजीएस चालू, आयएमपीएस चालू. त्या सकाळी खरेदीदाराला पैसे पाठवायचे असते तर अर्ध्या तासात आले असते.

दुपारनंतर ड्रायव्हरचा फोन बंद लागतो. खरेदीदार मात्र उचलतो, गोड बोलतो. ‘‘पाटील, चेक तुमच्या खात्यात दिसतोय ना? मग काळजी कसली?’’

मंगळवार, १३ मे, सकाळी १०:३०. २४ तास ३० मिनिटं बाकी

बँका उघडल्या. चेकची प्रतिमा निघाली. तेव्हाच्या पद्धतीत चेक गठ्ठ्यानं जात आणि उत्तर दुसऱ्या दिवशी येई.

पोरगा शाखेत गेला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ‘‘दादा, क्लिअरिंगमध्ये आहे, उद्या या.’’ त्यांचं काही चुकलं नाही. पण शुक्रवारी आलेला तो इंग्रजी मेसेज हेच साध्या मराठीत सांगत असता, तर गाडी शनिवारी उभी राहिली असती.

ही अडचण आपल्याकडचीच आहे असंही नाही. अमेरिकेत ऑनलाइन लिलावात वस्तू विकणाऱ्यांनी हे फार आधी भोगलं. तिथं गिऱ्हाईक पेपालमधून ‘ई-चेक’ देतं, म्हणजे त्याच्या बँक खात्यातून वळती होणारी रक्कम. वटायला कामकाजाचे काही दिवस लागतात, तोवर विकणाऱ्याला ‘पेंडिंग’ दिसतं, आणि जाणते विक्रेते तोवर पार्सल बांधत नाहीत. वटल्यावरही धास्ती संपत नाही. ‘ही वळती मी केलीच नव्हती’ असं म्हणून वैयक्तिक खातेदार तिथं साठ दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो. ईबेनं ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत बहुतेक वस्तूंसाठी कागदी चेक आणि मनिऑर्डर घेणंच बंद केलं. लिलाव मोबाइलवर गेला की पैसेही तितक्याच ताबडतोब हातात पडले पाहिजेत, ही गोष्ट जगातल्या सर्वांत मोठ्या लिलावबाजाराला तेव्हाच मान्य करावी लागली.

मंगळवार, संध्याकाळी ५. १८ तास बाकी

खरेदीदाराचा फोन बंद. ग्रुपमधूनही तो बाहेर पडलेला. ग्रुप चालवणारा म्हणतो, ‘‘मी फक्त ओळख करून दिली.’’

घरात बोलणं थांबलं आहे. जूनची पेरणी तोंडावर. सोयाबीनचं बी, खत, नव्या लागवडीची मजुरी, सगळं या दोन लाख चाळीस हजारांवर अवलंबून.

बुधवार, १४ मे, सकाळी ११. शून्य

मेसेज. रक्कम तीच, पण वजा. कारण : ‘फंड्स इन्सफिशिएंट’. त्याच्या खाली दुसरा मेसेज, चेक परतीचा आकार आणि त्यावर जीएसटी. चेक दुसऱ्याचा, खातं रिकामं दुसऱ्याचं, परतीचा खर्च मात्र आप्पांच्या खात्यातून.

त्यानंतर

इथून तास मोजायचे नसतात, तारखा मोजायच्या असतात, आणि त्या चुकल्या तर केसच उभी राहत नाही. चेक परतल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. इथं शेवटची तारीख १३ जून. नोटीस पोचल्यावर चेक देणाऱ्याला १५ दिवस. त्यात पैसे दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात फिर्याद. परक्राम्य दस्तऐवज कायद्याचं कलम १३८. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खातं आधीच बंद केलेलं असलं तरी हे कलम लागतं, सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्येच ते स्पष्ट केलं आहे.

एक गोष्ट विकणाऱ्याच्या बाजूची आहे आणि ती गावोगाव माहीत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की फिर्याद चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावी करावी. म्हणजे बाळापूरच्या माणसानं परराज्यात खेटे घालायचे. २०१५ च्या दुरुस्तीनं ते बदललं. आता पैसे घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे, त्या हद्दीतल्या कोर्टात फिर्याद चालते, आणि चेक त्याच बँकेच्या दूरच्या शाखेत भरलेला असला तरी तो मूळ शाखेतच भरला असं धरतात. त्यामुळं आप्पांना घराजवळचंच कोर्ट मिळतं.

पण त्यासाठी मूळ चेक आणि परतीचा मेमो हातात असावा लागतो, आणि चेक पडला आहे दूरच्या शाखेत. तो मागवण्यात तीसपैकी कितीतरी दिवस जातात. आपण कधी न पाहिलेल्या चेकवर नाव कुणाचं, सही कुणाची, हे तो आल्यावर कळणार. शिवाय कोर्टात रांग आहे. ३१ डिसेंबर २०१९ ला देशात प्रलंबित असलेल्या २ कोटी ३१ लाख फौजदारी प्रकरणांपैकी ३५ लाख १६ हजार एकट्या चेकची होती, हा आकडा सर्वोच्च न्यायालयापुढं आला होता. २०१८ च्या दुरुस्तीनं कोर्ट योग्य वाटल्यास चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देऊ शकतं. आप्पांच्या बाबतीत ती जास्तीत जास्त ४८ हजार, तीही आरोपी सापडून हजर झाला तर.

म्हणून अशा वेळी पहिल्याच दिवशी पोलीस ठाणं गाठावं आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आप्पांच्या हाती बिल्टी, गाडीचा नंबर, ग्रुपवरची बोली, स्लिपचा फोटो एवढे पुरावे होते. बुधवारी ते जपून ठेवले तरच उपयोगी पडतात. ग्रुप रागानं सोडला की तेही जातात.

४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनं गठ्ठ्याची पद्धत मोडली. आता चेक दिवसभर सतत पुढं जातात आणि पैसे देणाऱ्या बँकेनं संध्याकाळी सातपर्यंत हो किंवा नाही सांगायचं. सुधारणा चांगली आहे. आप्पांचा चेक या पद्धतीत बुधवारऐवजी मंगळवारीच परतला असता. गाडी शनिवारीच गेली होती. सुट्टीच्या दिवशी क्लिअरिंग होत नाही ते अजूनही तसंच आहे.

मोबाइलवर माल विकणाऱ्या बाळापूर, वसमत, कळमनुरीच्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. परक्या गिऱ्हाइकाकडून चेक घेऊच नका. एनईएफटी किंवा आरटीजीएस मागा, त्याचा यूटीआर (व्यवहाराचा संदर्भ) नंबर घ्या आणि पैसे काढता येतात का हे स्वतःच्या खात्यात बघितल्यावरच पहिला कट्टा गाडीत चढवा. चेक घ्यावाच लागला तर आधी त्याचा दोन्ही बाजूंचा फोटो घ्या आणि वटेपर्यंत माल घरात ठेवा. गिऱ्हाईक चिडलं तर चिडू द्या. आणि बँकांना मागणी एवढीच, की चेक भरल्याचा मेसेज मराठीत पाठवा आणि त्याची पहिलीच ओळ असू द्या : ‘चेक मिळाला, पैसे अजून आलेले नाहीत.’